राऊटरने काढलेल्या नक्षीदार काठावर जळके डाग आणि उडालेले टवके: कारण कसे शोधावे

श्रावण जवळ आला की रत्नागिरी आणि सिंधुदुर्गातल्या सुतारकामाच्या कारखान्यांत पाट, चौरंग, देव्हारे आणि मखराच्या चौकटी यांची कामे एकदम वाढतात आणि त्यांच्याबरोबर एक जुनी तक्रारही दर वर्षी ऐकू येऊ लागते. राऊटरने, म्हणजे वेगाने फिरणाऱ्या पात्याने लाकूड कोरणाऱ्या विजेच्या यंत्राने, काठाला गोलाई, गलता (आत वळलेली खोलगट नक्षी) किंवा दुहेरी वळणाची नक्षी काढली की ती काही ठिकाणी काळपट जळालेली दिसते, कोपऱ्याचा टवका उडालेला असतो आणि उरलेल्या लांबीवर बोट फिरवले तर बारीक लाटा जाणवतात. अशा वेळी पहिला दोष बिटच्या, म्हणजे यंत्रात बसवायच्या पातेदार हत्याराच्या, माथी मारला जातो आणि नवे बिट विकत आणले जाते. नव्या बिटने पहिले काही पाट चांगले निघतात, कारण नवी धार बाकीच्या त्रुटी काही काळ झाकून ठेवते. ती जराशी बोथट झाली की तक्रार जशीच्या तशी परत येते.

वरवर एकच वाटणारी ही तक्रार प्रत्यक्षात चार-पाच निरनिराळ्या कारणांनी उद्भवते. प्रत्येक कारणाची खूण काठावरच्या वेगळ्या जागी उमटते, त्यामुळे दोष नेमका कुठे आहे हे पाहिल्याशिवाय बिट, यंत्र किंवा लाकूड यांपैकी काहीही बदलू नये. त्यासाठी घासपेपर लावण्याआधी पूर्ण काठ उजेडात तिरका धरून तपासावा आणि प्रत्येक डागाशेजारी पेन्सिलीने खूण करावी. घासपेपर आधी फिरवला तर काठ थोडा बरा दिसतो, पण पुढच्या पाटासाठी जो पुरावा हवा असतो तो भुशाबरोबर निघून जातो.

जळका डाग

बिटची धार लाकूड कापत असते तेव्हा निर्माण होणारी बरीच उष्णता ढलपीबरोबर बाहेर पडते. धार कापायचे सोडून घासू लागली की ती उष्णता लाकडात आणि धारेत साठते. दोन पात्यांचे बिट मिनिटाला २४,००० फेऱ्यांनी फिरत असेल आणि राऊटर मिनिटाला ३ मीटर गतीने पुढे सरकत असेल, तर प्रत्येक पाते दर फेऱ्याला सुमारे ०.०६ मिलिमीटर जाडीची ढलपी काढते. हाताची गती निम्मी झाली की ही जाडी ०.०३ मिलिमीटरवर येते आणि हात थांबला की काहीच कापले जात नाही, फक्त घर्षण उरते. नवशिका कारागीर काम सुबक व्हावे म्हणून राऊटर सावकाश नेतो आणि नेमका त्यामुळेच काठ जाळतो; या यंत्रात सावधपणा हळू चालण्यात नसून एका सारख्या गतीने चालण्यात आहे.

डाग बाजूच्या सुरुवातीला, शेवटी किंवा कोपऱ्यावर असेल तर तिथे हात थबकला होता असे समजावे. बिट लाकडाला टेकण्याआधीच राऊटर चालता असावा आणि लाकूड संपल्यावरही तो तसाच चालत बाहेर पडावा. लांब बाजूच्या मध्ये डाग असेल तर बहुधा तिथे कारागिराला पाऊल बदलावे लागले असते, वायर टेबलाच्या कडेला अडकलेली असते किंवा वाटेत क्लॅम्प आलेला असतो. यावरचा उपाय यंत्रात नाही, जागेच्या मांडणीत आहे. पाट अशा टेबलावर बांधावा की त्याच्या चारही बाजूंनी फिरता येईल, वायर खांद्यावरून मागे घ्यावी आणि यंत्र बंद ठेवून एकदा पूर्ण फेरी चालून पाहावी. क्लॅम्प आड येत असतील तर पाट खालून स्क्रूने एका ठोकळ्यावर बसवून तो ठोकळा शेगड्यात (व्हाइसमध्ये) धरावा, म्हणजे चारही काठ मोकळे राहतात.

डाग रुंद नसून पेन्सिलीच्या रेघेसारखा बारीक असेल, पूर्ण लांबीभर एकाच उंचीवर धावत असेल आणि तिथले लाकूड चकचकीत झाले असेल, तर तो धारेने पडलेला नाही. तो बेअरिंगचा, म्हणजे काठाला टेकून बिटला वाट दाखवणाऱ्या टोकावरच्या लहान चाकाचा, डाग आहे. नीट चालणारे बेअरिंग काठाला टेकताच लाकडाच्या गतीने सावकाश लोळत जाते आणि बिटची दांडी त्याच्या आत वेगाने फिरत राहते. भुसा, चीक किंवा गंज यांनी ते आवळले गेले की बिटबरोबर स्वतःही फिरू लागते आणि लाकडाला रगडते. यंत्राचा प्लग काढून बेअरिंग बोटाने फिरवून पाहावे. ते अडखळत असेल किंवा खरखर लागत असेल तर वरचा लहान स्क्रू काढून ते बदलावे. रॉकेलमध्ये पूर्ण बिट बुडवून ठेवण्याची पद्धत सर्रास दिसते, पण त्यामुळे बेअरिंगच्या आतले ग्रीस धुतले जाते आणि साफ केलेले बेअरिंग आधीच्यापेक्षा लवकर निकामी होते. म्हणून बिट धुण्याआधी बेअरिंग काढून ठेवावे. नवे बेअरिंग घेताना जुन्याचा बाहेरचा व्यास कॅलिपरने मोजून तेवढ्याच मापाचे घ्यावे. बाहेरचा व्यास लहान असेल तर बिट लाकडात जास्त शिरते आणि गोलाईच्या टोकाला एक पायरी उमटते. पुष्कळदा ही पायरी नक्षीचाच भाग समजून पुढे पॉलिशही केली जाते.

मऊ लाकडात बेअरिंगचा आणखी एक त्रास असतो. सावंतवाडीच्या खेळण्यांसाठी वापरल्या जाणाऱ्या पांगाऱ्यासारख्या किंवा शिवणीसारख्या लाकडावर राऊटर फार दाबून धरला तर उत्तम स्थितीतले बेअरिंगही काठात चर पाडते. त्याला रंग नसल्यामुळे तो कच्च्या लाकडावर दिसत नाही, मात्र पॉलिशचा पहिला हात बसला की स्पष्ट दिसतो. बेअरिंग काठाला टेकलेले राहील इतकाच दाब पुरेसा असतो.

पूर्ण लांबीभर सगळी गोलाई एकसारखी तपकिरी झाली असेल तर मात्र बिटकडे आणि त्याच्या मिनिटाच्या फेऱ्यांकडे पाहावे. सागाच्या लाकडात सिलिका असते, त्यामुळे ते धार फार लवकर खाते. हायस्पीड स्टीलचे बिट सागावर वापरणे परवडत नाही आणि कार्बाइडची धारही इतर लाकडांपेक्षा लवकर बोथट होते. फणसाची अडचण वेगळी आहे. पुरता न सुकलेल्या फणसाच्या लाकडातला चीक भुशाबरोबर पात्याच्या मागच्या बाजूला चिकटतो आणि तापून काळा होतो. धार शाबूत असूनही असे बिट घासतेच, कारण धारेच्या मागे जी मोकळी जागा असायला हवी ती या थराने भरून गेलेली असते. कोमट पाण्यात धुण्याचा सोडा विरघळवून त्यात बिट थोडा वेळ ठेवावे आणि जुन्या दात घासायच्या ब्रशने घासावे. काळा थर निघाल्यावर बिट पूर्ण कोरडे करावे. एवढ्याने काम भागले तर नव्या बिटचे पैसे वाचले. धार लावायचीच असेल तर पात्याच्या सपाट अंगावर डायमंडची पट्टी फिरवावी, दोन्ही पात्यांवर सारख्याच वेळा. नक्षीच्या वळणाला हात लावू नये, नाहीतर वळण बिघडते.

फेऱ्यांची बाब जरा हिशेबाने समजून घेण्यासारखी आहे. १२ मिलिमीटर त्रिज्येच्या गोलाईचे, १२.७ मिलिमीटर बेअरिंगचे बिट घेतले तर त्याचा एकूण व्यास ३६.७ मिलिमीटर भरतो. मिनिटाला २४,००० फेऱ्यांवर त्याच्या बाहेरच्या टोकाची गती सेकंदाला सुमारे ४६ मीटर होते, तर बेअरिंगजवळच्या भागाची सुमारे १६ मीटरच राहते. एवढ्या व्यासाच्या बिटसाठी १६,००० ते १८,००० फेरे पुरेसे असतात. हातात मावणारे लहान ट्रिमर मात्र बहुधा ३०,००० च्या आसपास फिरतात आणि त्यांतल्या अनेकांना फेरे कमी करण्याची सोय नसते. असे बिट त्या यंत्राला लावणे हा केवळ डागांचा प्रश्न राहत नाही, ते धोक्याचे आहे. बिटच्या दांडीवर किंवा पाकिटावर कमाल फेऱ्यांचा आकडा छापलेला असेल तर तो ओलांडू नये. ट्रिमरवर ६ मिलिमीटर त्रिज्येपर्यंतची गोलाई काढावी आणि मोठ्या नक्षीसाठी फेरे बदलता येणारा मोठा राऊटर वापरावा.

मोठी नक्षी एका दमात काढणे हेही जळण्याचे आणि टवके उडण्याचे समाईक कारण आहे. १२ मिलिमीटरची गोलाई काठावरून राऊटरच्या तीन किंवा चार फेऱ्यांत, दर वेळी बिट थोडे खाली सोडत काढावी आणि शेवटच्या फेरीसाठी अर्धा मिलिमीटरच लाकूड शिल्लक ठेवावे. ही शेवटची फेरी न थांबता, इतर फेऱ्यांपेक्षा किंचित चपळ हाताने घेतली तर आधीच्या फेऱ्यांचे हलके डाग तिच्यातच निघून जातात.

टवका कुठे उडाला

फळीच्या टोकाला तंतू तुटलेले असतात आणि लांब बाजूला ते आडवे निजलेले असतात. टोकाची बाजू कापत बिट कोपऱ्यातून बाहेर पडते तेव्हा शेवटच्या तंतूंना मागून कोणाचाच आधार नसतो, त्यामुळे ते कापले न जाता फाटून निघतात. म्हणून टवका जर टोकाच्या बाजूच्या शेवटच्या कोपऱ्यावर असेल, तर धार, फेरे आणि लाकूड या सर्वांना सोडून फक्त क्रम बदलावा. आधी दोन्ही टोके कापावीत, नंतर लांब बाजू. टोके कापताना उडालेला लहान टवका लांब बाजूच्या फेरीत आपोआप कापून निघतो. फक्त टोकांनाच नक्षी हवी असेल, जसे झोपाळ्याच्या फळीला पुष्कळदा करतात, तर कोपऱ्याला लागून त्याच जाडीची एक टाकाऊ पट्टी घट्ट बांधावी, म्हणजे फाटायचे ते त्या पट्टीचे फाटते.

इथे दिशेचा उल्लेख आवश्यक आहे, कारण ती उलटी असेल तर वरचा कोणताही उपाय लागू पडत नाही. वरून पाहिले असता हातातल्या राऊटरचे बिट घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरते. म्हणून पाटाच्या बाहेरच्या काठाभोवती राऊटर काट्यांच्या उलट दिशेने न्यावा आणि चौकटीच्या आतल्या काठावर काट्यांच्या दिशेने. मखराच्या चौकटीत आतला आणि बाहेरचा असे दोन्ही काठ एकापाठोपाठ काढायचे असतात आणि तिथेच गफलत होते. राऊटर टेबलाखाली उलटा बसवला असेल तर समोर उभे राहून लाकूड उजवीकडून डावीकडे सरकवावे.

टवका कोपऱ्यावर नसून लांब बाजूच्या मधोमध असेल तर लाकडाच्या रेषा पाहाव्यात. आंबा, ऐन आणि काही वेळा फणस यांच्या लाकडात रेषा एकमेकींत गुंतलेल्या असतात. एका पट्ट्यात त्या उजवीकडे झुकतात तर शेजारच्या पट्ट्यात डावीकडे. अशा फळीवर एकच दिशा सर्वत्र अनुकूल असणे शक्य नाही. गाठीच्या आसपासही तेच घडते, कारण गाठीला वळसा घालताना रेषा आधी काठाबाहेर जातात आणि मग परत आत येतात. चांगल्या मेस्त्रीच्या हातात रंधा असतो तेव्हा तो दोन ओढींतच हे ओळखतो आणि फळी फिरवतो. राऊटरच्या आवाजात लाकडाचा हा इशारा ऐकू येत नाही. म्हणून नक्षी काढण्याआधी त्या काठावर रंधा एकदा फिरवावा. रंधा जिथे अडखळतो तिथे पेन्सिलीने खूण करावी आणि राऊटर त्या भागात आला की खोली एक मिलिमीटरवर आणावी. करवतीचे वण काठावर राहिले असतील तर तेही याच वेळी निघून जातात, अन्यथा बेअरिंग त्यांच्यावरून चालते आणि प्रत्येक वण नक्षीत जसाच्या तसा उतरवते.

गोल चौरंगाच्या बाबतीत टवक्यांची जागा इतकी ठरलेली असते की ती आधीच सांगता येते. राऊटर काट्यांच्या उलट दिशेने जात असताना लांब रेषांच्या मध्यापासून तुटलेल्या टोकाकडे जाणारे दोन पाव भाग स्वच्छ निघतात आणि टोकाकडून परत लांब रेषांकडे येणारे दोन पाव भाग फाटतात. फाटणारे हे भाग समोरासमोर, तिरक्या रेषेत असतात. चौरंगाच्या पृष्ठभागावर खडूने चार भाग पाडून घेतले तर कुठे सांभाळायचे ते दिसत राहते. या दोन भागांत शेवटची अगदी पातळ फेरी उलट दिशेने घेतली तर तंतू उचलले न जाता दाबून कापले जातात. पण उलट दिशेला बिट राऊटरला स्वतःच पुढे खेचते. त्यामुळे लाकूड पक्के बांधलेले असावे, खोली एक मिलिमीटरच्या आत असावी, बिट लहान असावे आणि दोन्ही हात मुठींवर असावेत. टेबलात बसवलेल्या राऊटरवर हाताने लाकूड सरकवत असताना हा प्रकार मुळीच करू नये; लाकूड हातातून हिसकले जाते आणि त्यामागोमाग बोटे बिटकडे जातात.

लाटा, पायऱ्या आणि दांडीवरचे तेल

समान अंतरावर उमटलेल्या बारीक लाटा बहुधा फार घाईने झालेल्या फेरीच्या असतात किंवा बिटचे एकच पाते कापत असल्याच्या. वेड्यावाकड्या अंतराच्या लाटा राऊटर डुलल्यामुळे पडतात, कारण काठावर काम करताना त्याचा निम्म्याहून अधिक तळ हवेत असतो. तळाला एका बाजूला लांब अशी प्लायवूडची किंवा ॲक्रिलिकची पाटी बसवून तिच्या लांब टोकावर, म्हणजे पाटावर, एक हात दाबून ठेवला की डुलणे थांबते.

नक्षी सुरुवातीला बरोबर आणि शेवटी जास्त खोल असेल तर बिट कोलेटमधून, म्हणजे त्याची दांडी आवळून धरणाऱ्या नळीतून, सरकले आहे. असे झाले तर काम ताबडतोब थांबवावे. आपल्या बाजारात ६ मिलिमीटर आणि पाव इंची म्हणजे ६.३५ मिलिमीटर दांडीची बिटे एकाच डब्यात मिसळलेली असतात आणि नुसत्या डोळ्यांना हा फरक दिसत नाही. ६.३५ च्या कोलेटमध्ये ६ ची दांडी आवळल्यासारखी वाटते, पण जोर लागताच सरकते. प्रत्येक दांडी कॅलिपरने मोजून त्यावर खूण करावी. दांडी कोलेटमध्ये तळापर्यंत घालून मग दोन-तीन मिलिमीटर वर उचलावी आणि आवळावी, कारण ती तळाला टेकलेली असेल तर नट आवळताना कोलेटची पकड नीट बसत नाही.

किनाऱ्याजवळच्या गावांत याला आणखी एक कारण जोडले जाते. मालवण, देवगड, गुहागर या भागांत खाऱ्या दमट हवेने पावसाळ्यात लोखंडाला गंज चढायला फार वेळ लागत नाही, म्हणून कारागीर बिटांना आणि कोलेटला तेल पुसून ठेवतात. ते योग्यच आहे. मात्र ते तेल न पुसता दांडी कोलेटमध्ये घातली की पकड निसरडी होते, आणि ज्या काळजीने बिट टिकले त्याच काळजीने ते कामात सरकते. वापरण्याआधी दांडी आणि कोलेटचा आतला भाग स्पिरिट लावलेल्या फडक्याने कोरडा करावा. कोलेटच्या फटींत गंजाची लाल पूड दिसली तर पितळी ब्रशने ती काढावी. आतून खड्डे पडलेले कोलेट मात्र टाकून द्यावे. डबीत बिटांशेजारी सिलिका जेलची पुडी ठेवली तर तेल कमी लागते.

गोलाईच्या मध्ये अचानक खड्डा पडण्याचा एक प्रकार यंत्राशी संबंधित नसून मापाशी आहे. १८ मिलिमीटर जाडीच्या फळीला दोन्ही बाजूंनी ९ मिलिमीटरची गोलाई काढली तर दुसऱ्या बाजूच्या वेळी बेअरिंगला टेकायला सपाट काठच शिल्लक राहत नाही, आणि ते गोल भागावर घसरून बिटला आत जाऊ देते. अशा वेळी बेअरिंगवर भरवसा न ठेवता टेबलावरच्या सरळ कुंपणाला (आधाराच्या उभ्या पट्टीला) धरून काम करावे, किंवा लहान त्रिज्या घेऊन मध्ये किमान तीन-चार मिलिमीटरची सपाट पट्टी राखावी.

ओले लाकूड

काही काठांवर डाग नसतात, टवके नसतात, लाटाही नसतात. तरी नक्षी स्वच्छ न दिसता तिच्यावर बारीक लव उभी राहिलेली दिसते आणि घासपेपर लावला की ती आडवी पडते, निघत नाही. हा ओलाव्याचा दोष आहे. कोकणात पावसाळ्याच्या ऐन भरात हवेतली आर्द्रता सतत ८५ टक्क्यांच्या आसपास राहिली तर उघड्या पडवीत ठेवलेले लाकूड कितीही वर्षे मुरलेले असले तरी १७ टक्क्यांच्या आसपास ओलावा धरून राहते. फर्निचरसाठी तो १२ टक्क्यांच्या आसपास असणे चांगले. ओले तंतू लवचीक असतात, ते धारेपुढे वाकतात आणि धार निघून गेली की पुन्हा उभे राहतात. शिवाय ओला भुसा बिटच्या पोकळीत घट्ट बसतो आणि वर सांगितलेला काळा थर लवकर तयार करतो.

गणपतीची तारीख पुढे ढकलता येत नाही, म्हणून लाकूडच आधी सांभाळावे लागते. पाट-चौरंगाच्या फळ्या मे महिन्यातच मापापेक्षा थोड्या जाड कापून घरात, माळ्यावर किंवा चुलीच्या बाजूच्या कोरड्या खोलीत पट्ट्या देऊन रचाव्यात आणि बाहेर काढल्यावर लगेच काम उरकावे. पिन टोचून ओलावा मोजणारे लहान मीटर आता सहज मिळते. कारखान्यात ते एक असावे. फळ्या ओल्याच हातात आल्या असतील तर शेवटची अर्ध्या मिलिमीटरची फेरी शिल्लक ठेवून काठाला पातळ चपडीचा (लाखेच्या पॉलिशचा) एक हात द्यावा. ती सुकली की तंतू ताठ होतात आणि त्यानंतर घेतलेली शेवटची फेरी लव कापून नेते. फक्त हे काम पाऊस चालू असताना उघड्यावर करू नये, दमट हवेत चपडी पांढुरकी पडते.

वीज

सकाळी चांगले चालणारे काम संध्याकाळी बिघडत असेल तर बिट काढून पाहण्यापूर्वी प्लगमधला दाब मोजावा. घरगुती पुरवठा २३० व्होल्टचा मानला जातो, पण वाडीच्या शेवटच्या खांबावर संध्याकाळच्या वेळी तो बराच खाली येतो. राऊटर नुसता फिरत असताना मोजलेला आकडा फसवा असतो; लाकडात चालू असताना दुसऱ्या माणसाने मोजावा. दाब कमी असला की फेरे ओझ्याखाली पडतात, यंत्र कण्हते, कारागीर आपोआप हात सावकाश करतो आणि काठ जळू लागतो. फेरे स्थिर ठेवणारे इलेक्ट्रॉनिक नियंत्रण असलेल्या यंत्रात हा त्रास कमी असतो, पण फार खाली गेलेला दाब तेही भरून काढू शकत नाही.

यात लांब एक्स्टेन्शन वायरची भर पडते. १,६०० वॉटचा राऊटर सुमारे ७ अँपिअर प्रवाह घेतो. ०.७५ चौरस मिलिमीटरच्या ३० मीटर वायरमध्येच सुमारे १० व्होल्ट खर्च होतात, १.५ चौरस मिलिमीटरची वायर घेतली तर तोट्याचा आकडा निम्म्यावर येतो. वायर चक्रावर गुंडाळलेली न ठेवता पूर्ण उलगडावी, कारण गुंडाळलेली वायर तापते. मांडवात किंवा अंगणात काम असेल तेव्हा बारीक वायर जोडून जोडून पुरवठा ओढला जातो आणि दोष मात्र यंत्राचा ठरतो.

बिघडलेला काठ

जळालेला काठ घासपेपरने साफ करण्यात फार वेळ जातो आणि वळणाच्या कडा बोथट होतात. त्याऐवजी काठ सुस्थितीत असेल तर बिट अर्धा मिलिमीटर खाली सोडून एक चपळ फेरी घ्यावी. ते शक्य नसेल तर जुन्या करवतीच्या पात्याचा तुकडा नक्षीच्या वळणाला जुळेल असा कानशीने घासून घ्यावा आणि त्याने खरवडावे. मग १५० क्रमांकाचा आणि शेवटी २२० क्रमांकाचा घासपेपर वळणाच्या आकाराच्या लाकडी तुकड्यावर गुंडाळून फिरवावा. बोटावर गुंडाळलेला घासपेपर वळणातल्या खोबणीपर्यंत पोहोचत नाही.

टवका उडाला असेल तर यंत्र लगेच बंद करून तो जमिनीवर शोधावा. भुसा झाडून टाकण्याआधी तो सापडला तर त्याच जागी डिंकाने बसवून पट्टीने बांधून ठेवता येतो आणि सांधा जवळजवळ दिसत नाही. तो सापडला नाही तर त्याच फळीच्या टाकाऊ भागातून रेषा जुळणारी चकती काढावी, टवक्याची जागा पटाशीने सपाट करून चकती चिकटवावी आणि पूर्ण सुकल्यावर ती पटाशीने व घासपेपरने वळणात आणावी. चिकटवलेल्या जागेवरून राऊटर पुन्हा नेणे टाळावे. लाकडाच्या भुशात डिंक कालवून भरलेला खड्डा सागावर पॉलिशनंतर गडद डाग म्हणून उठून दिसतो, त्यामुळे दर्शनी काठावर तो वापरू नये. पाटाच्या खालच्या कडेला चालतो. टवका मोठा असून पाटाला अजून पुरेशी लांबी-रुंदी असेल, तर चारही बाजू रंध्याने दोन-तीन मिलिमीटर आत घेऊन नक्षी नव्याने काढणे हे ठिगळापेक्षा कमी वेळाचे काम आहे, आणि गिऱ्हाईकाने माप देताना थोडी मोकळीक ठेवली आहे का ते आधी विचारून घ्यावे.